महाराजांची फुंकर आणि संतरामची फटफटी

मिराबाईच्या दारापुढं माणसं मावत नव्हती. हळद शिजवायच्या कढईवरून तसेच उठून आलेले गडी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर उंच धरलेले मोबाइल. मधोमध रस्त्यावर संतरामची फटफटी उभी होती. फटफटी म्हणजे साधी सायकलच. तिला त्यानं एक छोटं इंजिन आणि दांडीवर पेट्रोलची टाकी बसवून घेतली होती. मागं दुधाचे दोन कॅन. रोज सकाळी तो हमरस्त्यावरच्या डेअरीत दूध घालायला निघे, आणि हल्ली रोज इथंच, मिराबाईच्या दारापुढं, इंजिन खोकायचं, आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मग कितीही पायडल मारा, क्लच सोडा, मठातले महाराज येऊन फुंकर मारेपर्यंत ते दाद देत नसे.

गावाचं नाव सांगत नाही. हट्टा गावाहून फार लांब नाही, एवढं पुरे. गावाला आता त्या दिवसांची लाज वाटते.

"महाराज आले! सरका, सरका!" माजी सरपंच व्यंकटराव वाट करत पुढं आले. मागून भस्मानंद महाराज. गावाच्या पश्चिमेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मठ होता.

"बच्चा संतराम," महाराज डोळे मिटून बोलू लागले, "यंत्र म्हणजे देहच. पेट्रोल ही माया, प्लग हा तिसरा डोळा, आणि या टाकीत प्राण! प्राणाला नजर लागली की सायकल काय, विमानसुद्धा खाली येतं."

"विमानसुद्धा!" व्यंकटरावांनी मान डोलावली. त्यांनी विमान पाहिलं होतं ते आभाळातच.

महाराजांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं, तोंड टाकीला लावलं आणि मंत्र पुटपुटत लांब फुंकर मारली. पेट्रोलच्या वासानं त्यांना ठसका लागला, पण लोकांनी तो मंत्राचा जोर समजला. मग झाकण बसवून त्यावर त्यांनी तेलात कालवलेल्या हळद-शेंदराचा जाड थर अंगठ्यानं दाबून भरला.

"हे बंधन. याला हात लावायचा नाही. मार पायडल!"

संतरामनं पायडल मारलं, क्लच सोडला आणि इंजिन फटफट करत जिवंत झालं. जयजयकारानं झाडावरची पाखरं उडाली.

"नजर कुणाची ते मी सांगत नाही," महाराज जाता जाता म्हणाले. "गाडी कुठं बंद पडते ते पाहा. गाडीच सांगते."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. दारात मिराबाई उभी होती.

मिराबाईचा नवरा वारलेला. ती एकटी राहायची, मजुरी करायची. त्या दिवसापासून हळद काढायला तिला कुणी बोलावेना. गिरणीवाल्यानं तिचं दळण परत पाठवलं. दोन बायांनी तर तिला पाहून लेकरांची तोंडं पदराखाली झाकली. पुढं महाराजांनी कौल दिला, की अमावस्येच्या आत बाईनं घर सोडावं, आणि जागा शुद्ध व्हावी म्हणून मठ तिथं हलवावा. जागा हमरस्त्याजवळ होती. देवालासुद्धा रहदारी लागते.

शाळेत लेकरं उशिरा येऊ लागली तेव्हा ही गोष्ट ज्योती मॅडमच्या कानावर गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या.

"रस्ता सोडून बांधावरून काहून येता रे?"

"मिराबाईची नजर लागते, मॅडम."

शाळा सुटल्यावर मॅडम थेट मिराबाईकडं गेल्या. ती भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"घर सोडा म्हणून राहिले," ती म्हणाली. "कुठं जाऊ? मॅडम, माझ्या नजरेत एवढा जोर असता तर छपरावरची माकडं न्हाई का पळवली असती मी?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् एक सांगा. जाताना गाडी इथं बंद पडते. डेअरीवरून येताना मी हितंच बसलेली असते, तवा भुर्रकन निघून जाते. येतावक्ती माझी नजर कुठं जाते?"

मॅडम तिच्याकडं पाहतच राहिल्या. इतके दिवस अख्खं गाव या रस्त्यावर उभं होतं, आणि नीट पाहिलं होतं ते हिनं एकटीनं.

तिथून त्या संतरामकडं गेल्या.

"येताना गाडी बंदच पडत नाही का हो?"

"पडते की. पण घराजवळच्या वळणावर. शहाणी हाय, घर ओळखते."

"डेअरीवर काय करता?"

"बाटलीनं पेट्रोल टाकतो."

"म्हणजे झाकण उघडता."

"न उघडता कसं टाकू? बंधन मोडू नये म्हणून फडक्यानं धरून उघडतो."

"हे सगळं सुरू कधी झालं?"

"महाराजांनी गाडीची पूजा करून झाकणाला पहिल्यांदा शेंदूर भरला ना, त्याच हप्त्यात. एवढी पूजा करूनबी..." संतराम बोलता बोलता अडखळला. "म्हंजे... पूजेच्या आधी बराबर चालत होती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी व्यंकटरावांना गाठलं. "नजर मिराबाईची असेल, तर उलट्या दिशेनं गाडी बंद पडायला नको. सगळ्यांसमोर पाहू या?"

"पाहू की! महाराजांचा शबद हाय," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच गाव गोळा केलं.

दुसऱ्या सकाळी मिराबाईला गावाच्या पूर्वेला शाळेच्या ओट्यावर बसवलं, दोन्ही बाजूंना दोन बाया. संतराम आपल्या दारातून निघाला तो पश्चिमेकडं. मागं मोटारसायकली, त्यांच्या मागं पळणारी माणसं. गाडी छान चालली होती. व्यंकटराव मिशीवरून हात फिरवत होते. मिराबाईचं घर पूर्वेला जेवढं लांब, साधारण तेवढं अंतर संपलं आणि इंजिन खोकलं. आचके दिले. गप्प झालं.

समोर महाराजांच्या मठाचं फाटक होतं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आता नजर कोणाची म्हनावं, बाई?"

हशा पिकला. दातवण चावत महाराज बाहेर आले. प्रसंग ओळखून त्यांनी काडी टाकली. "पाहिलंत? त्या बाईची नजर इथवर पोचली!"

"ती शाळेच्या ओट्यावर बसलीय," मॅडम म्हणाल्या, "गावाच्या पलीकडं."

"नजरेला अंतर नसतं!"

"मग तिला घराबाहेर काढून उपयोग काय, महाराज? कुठूनही नजर लागेलच की."

महाराज डोळे मिटून मंत्र पुटपुटू लागले.

मॅडमनी केसातली पिन काढली. "व्यंकटराव, कान लावा इथं." त्यांनी झाकणावरचा शेंदराचा थर खरवडला. खाली एक बारीक छिद्र होतं. त्यात पिन फिरवताच सूंऽ असा आवाज झाला.

"आत काहीतरी शिरलं!" व्यंकटराव दचकून मागं सरले.

"हवा शिरली. संतरामभाऊ, मारा पायडल."

मंत्र नाही, फुंकर नाही. थोडं दामटल्यावर इंजिन फटफटू लागलं.

"तेलाच्या डब्याला दोन भोकं काहून पाडता?" मॅडमनी बायांना विचारलं.

संतरामची बायको द्वारकाबाई म्हणाली, "एका भोकातून तेल येत न्हाई, मॅडम. दुसऱ्यातून हवा जावी लागते."

"बस, एवढंच. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा टाकीत वरून हवा यावी लागते. ते भोक महाराजांनी हळद-शेंदरानं बुजवलं. तेवढं अंतर चाललं की पेट्रोल उतरणं थांबतं, गाडी बंद. महाराज फुंकर मारायला झाकण उघडत, तेव्हाच हवा आत जाई. रात्रभर उभी राहिली की कुठून तरी झिरपते, म्हणून सकाळी पुन्हा चालू. आजार त्यांचा अन् औषधबी त्यांचंच."

संतराम फाटकातून आत पाहत होता. अंगणात महाराजांची मोटारसायकल उभी होती. हँडलला हार, दिव्याला गंध, मडगार्डवर स्वस्तिक. टाकीचं झाकण मात्र लख्ख पुसलेलं.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "तुमच्या झाकणावर बंधन काहून न्हाई?"

"ही गाडी... सिद्ध आहे," महाराज म्हणाले. यावर मात्र व्यंकटरावांनीसुद्धा मान डोलावली नाही.

मिराबाईनं त्याच दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. सोबत ज्योती मॅडम होत्या आणि मान खाली घातलेला संतरामही. महाराज "हिमालयात तपाला जातो" असं सांगून सिद्ध गाडीवरून निघून गेले होते. त्यांचा हिमालय जवळच्या आखाडा बाळापूर गावापर्यंतच निघाला. पोलिसांनी तिथूनच परत आणलं.

संध्याकाळी मिराबाईच्या दारापुढं पुन्हा माणसं जमली. गिरणीवाला तिचं दळण दळून घेऊन आला होता. मॅडम म्हणाल्या, "गाडी बंद पडली तर झाकण पाहा, प्लग पाहा, कळत नसेल तर मिस्त्रीला दाखवा. पण कुणा बाईचं दार पाहू नका. जो चमत्कार तपासू देत नाही, त्याच्या आत काहीतरी बुजवलेलं असतं."

व्यंकटराव पुढं झाले, हात जोडले. "मिराबाई, चुकलं आमचं. माफ करा."

मिराबाईनं पिठाचा डबा आत नेऊन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली.

"माफीचं राहू द्या, व्यंकटराव. इतके दिवस तुमी समदे हितं येऊन उभे राहत होते. समद्यांनी महाराजाला इचारलं, गाडीला इचारलं. मी चार हातांवर उभी होते. एकानं तरी म्हनलं का, मिराबाई, तुला काय दिसून राहिलं? पुढच्या बारीला तेवढं इचारा."