भरल्या ताटावरून

पार्वताबाईनं पदर कमरेला खोचला, शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय रोवला आणि छपरातला फुटका कवेलू उपसून खाली भिरकावला. तो पडला नेमका शाहिराच्या पुढ्यात.

"अवो वहिनी, जीव घेता का माहा?" इश्वर दोन पावलं मागं सरकला.

"आवाज द्यायचा ना भाऊजी. मले का पाठीले डोळे आहेत?"

इश्वर हा गावच्या दंडारीचा शाहीर. दिवाळी सरली की इकडं गावोगाव मंडई भरते, पाळणे येतात, जिलेबीचे ठेले लागतात आणि भरदुपारी मैदानात गाण्या-नाचाचं नाटक, म्हणजे दंडार, उभी राहते. या गावची दंडार इश्वरच्या बापापासूनची. बापानं रचलेली वीरांची गाणी इश्वरला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत. यंदा मात्र तो स्वतः नवं गाणं बांधत होता, पार्वताबाईच्या नवऱ्यावर, जागेश्वरवर.

भादव्यात तीन दिवस पाऊस हटला नव्हता. तलावाची पाळ फुटायला आली होती आणि पाणी सोडायचं तुडूम गाळानं गच्च बसलं होतं. जागेश्वर कुदळ घेऊन पाण्यात उतरला, बुड्या मारमारून त्यानं तुडूम मोकळं केलं. पाणी निघालं, पाळ टिकली, खालचं अख्खं गाव वाचलं. जागेश्वर दुसऱ्या दिवशी सापडला, कोणाच्या तरी धानाच्या बांधीत, पालथा. तेव्हापासून तो वीर झाला. चौकात फलक लागला. त्यावरचा फोटो भाच्याच्या लग्नातला होता, आणि फोटोतल्या जागेश्वरला आत्ता हसू फुटेल असं वाटे. शाळेतली पोरं त्याच्यावर भाषणं करू लागली.

सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. तो घरून कसा निघाला, तेवढं कोणाला ठाऊक नव्हतं. ते एकट्या पार्वताबाईला ठाऊक होतं, आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं, या भीतीनं ती दोन महिने लोकांत बसायचं टाळत होती.

इश्वरनं एका हातानं शिडी धरली, दुसऱ्या हातानं वही उघडली.

"दंडारीतला वीर असातसा नसते वहिनी. जन्मतानी काहीतरी दिसलं पायजे. वीज चमकली, गाईनं पान्हा सोडला, असं काही."

"रोवनी चालू होती, तवा झाले म्हने ते. सासू चिखलात उभी होती. कळा आल्या तं तिथंच, बांधावर."

"वा! मातीच्या पोटचा वीर!" इश्वरनं भराभर लिहून घेतलं. "अन् भ्या? भ्या तं कशाचंच नसन त्याले."

"सापाले भेत. दोरी दिसली तरी खाटेवर चढत." बोलता बोलता तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून लगेच डोळे भरून आले.

हे इश्वरनं लिहिलं नाही. पान उलटून तो म्हणाला, "आता निघतानीचं. ते मी बांधलंच आहे. तुमचे बोल तेवढे पायजेत." आणि त्यानं खालच्या आवाजात चाल धरली,

"भाळी लाविला टिळा, हाती दिली कुदळ,
म्हणे जा जी राया, गाव पाहे तुमची वाट."

पार्वताबाईच्या हातातला कवेलू हातातच राहिला. हो म्हणायचं की संपलं. जगात एकही माणूस तिला खोटं पाडायला येणार नव्हता. ती सावकाश शिडी उतरली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"मी नाई ओवाळलं भाऊजी."

"असन असन. घाईच तशी होती."

"घाईचं नाई. तीन दिवस घर गळून राहिलं होतं. जिथं तिथं गंज ठेवले मी, बादल्या ठेवल्या. अन् हे दिवसभर पाळीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी आले, वलेचिंब. मी ताट वाढलं. भात अन् लाखोळीचं वरन. पहिला घास उचलला अन् वरून थेंब पडला, ताटातच. माहं डोस्कं फिरलं. म्हनलं, गावाचं पानी अडवता, घरातलं कोन अडवन? पहिले छप्पर पाहा, मंग गिळा." ती थांबली. "गिळा म्हनलं मी. भुकेल्या मानसाले."

इश्वर शिडी सोडून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"घास ताटात ठेवला त्यायनं. एक शब्द बोलले नाई. कुदळ घेतली अन् गेले. भरल्या ताटावरून उठवलं मी त्यायले. मंग ते ताट झाकून ठेवलं, येतीन म्हनून. दुसऱ्या दिवशी मानसं आली, तवाही ते झाकलेलंच होतं."

इश्वरनं वही मिटली. दंडारीत शेकडो वेळा वीर मारलेला माणूस तो, पण त्याला तिच्याकडं बघवेना. वहीकडं बघतच म्हणाला, "हे गान्यात नाई बसत, वहिनी. लोक तुमाले नावं ठेवतीन. ओवाळनंच राहू द्या. मी कोनाले सांगत नाई."

"राहू द्या. खोटं तं खोटं. मंग आनखी एक खोटं लिवा. ते जेवून गेले, असं लिवा."

"वीर जेवत नाई ना वहिनी. बाबाच्या एकाही गान्यात कोनी जेवलं नाई. टिळा लावतो, निंगतो, पडतो. मधात जेवन आलं का चाल तुटते, लोक हसतात."

"तुमचे वीर नसतीन जेवत, भाऊजी. माहा मानूस जेवत होता. चारदा भात घेत." पदरानं तोंड पुसून ती उठली आणि पुन्हा शिडी चढू लागली. "उपाशी नोका पाठवू त्यायले. दरसाल गासान तुमी. दरसाल उपाशी जातीन का ते?"

"पाहतो," इश्वर म्हणाला. शेवटचा कवेलू बसेपर्यंत तो शिडी धरून उभा राहिला.

मंडईच्या दिवशी पार्वताबाई जाणार नव्हती. शेजारची मंगलाबाई आली आणि तिनं दंडाला धरून नेलंच. बायकांच्या घोळक्यात ती मान खाली घालून बसली.

दंडारीतला कैलाश जागेश्वर झाला होता. डोक्याला फेटा, खांद्यावर कुदळ. मिशी काढून साडी नेसलेला मनिष पार्वताबाई झाला होता. ढोलकी चढत गेली, मनिषनं ओवाळलं, टिळा लावला. कैलाश निघायला वळला आणि इश्वरनं हात वर केला.

ढोलकी एकदम उतरली.

मनिषनं पितळी ताट आणलं. रिकामंच. ते मैदानाच्या मधोमध मांडून तो वाढू लागला, आणि कैलाश कुदळ बाजूला ठेवून ताटावर बसला.

"अरे, लढाले चालला का पंगतीले?" मागून कोणी ओरडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, सगळं मैदान हसलं. इश्वरचा चेहरा उतरला, पण त्यानं गाणं थांबवलं नाही. पाळीवरून आलेला धनी, भुकेला धनी, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हळूहळू हसू ओसरलं. सगळ्यांत आधी समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतल्या, मयतीला घेतात तशा.

कैलाशनं दोन घास खाल्ल्यासारखे केले. नाटकात जेवायला कितीसा वेळ लागतो? हात झटकून तो उठायला लागला.

"भात घ्या जी अजून."

आवाज बायकांतून आला. फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. पार्वताबाई उभी होती. तिचा उजवा हात पुढं झाला होता, वाढताना होतो तसा.

अर्धवट उठलेल्या कैलाशनं शाहिराकडं पाहिलं. शाहिरानं ढोलकीवाल्याला थांबण्याची खूण केली.

कैलाश पुन्हा मांडी घालून बसला आणि त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं.