चपला बाहेरच राहिल्या

मित्रांनो, मी एक जुनं अलीगढी कुलूप आहे. बुऱ्हाणपुरात आलो तेव्हा एका सुताच्या गोदामाची राखण करायचो. मालक जाता-येता मला ओढून बघायचा आणि म्हणायचा, "पक्कं हाय!" तेवढ्यानं माझी छाती फुगायची. पुढे माग बंद पडले, गोदाम विकलं गेलं आणि मी सरुबाईच्या दाराला आलो.

त्या घरात परमुलखातून आलेल्या बायका राहतात. देह विकून पोट भरतात. सरुबाई त्यांची थोरली. लोक त्यांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही; दारात लटकणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांचंही येणं-जाणं दिसतं.

घराची एक रीत होती. गल्लीत जीप शिरली की बायकांनी आत गुपचूप बसायचं. सरुबाईनं मला बाहेरून लावायचं आणि किल्ली कनवटीला खोचून केळीच्या मंडीकडे चालू लागायचं. पोलिसांना घर रिकामं वाटावं, म्हणून. सुताला कुलपाआड भीती वाटत नव्हती. माणसांना वाटते, हे मला इथं कळलं.

त्या दुपारी जीप आली, मी लागलो आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. आत पूर्णिमा तापानं फणफणली होती. ती बंगालकडची. तिला क्षय होता. मागच्या शहरात धाड पडली तेव्हा ती जीव मुठीत धरून पळाली आणि औषधं तिथंच राहिली. आता तिच्या सोबतच्या पल्लवीनं तिचा खोकला दाबायला तोंडावर ओढणी धरली होती. खोकला बाहेर ऐकू गेला तर सगळ्या पकडल्या जातील. असाच दाबला तर ही गुदमरेल.

जीप पोलिसांची नव्हतीच. क्षयाच्या तपासणीला सरकारी दवाखान्यातल्या सुनंदाताई आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्या परत वळल्या. मला ओरडावंसं वाटलं, पण कुलपाला कुठला आवाज!

तेवढ्यात त्या थबकल्या. घाईत बायकांच्या हातून एक चूक झाली होती. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग तशीच होती.

ताई पायरीवर बसल्या आणि दाराशी हळूच बोलल्या, "नावं विचारणार नाही. पोलिसांना बोलावणार नाही. कोण आजारी आहे, तेवढं सांगा."

आतून पल्लवीचा रडवेला आवाज आला, "दीदी, पूर्णिमाला सांसच नाही येऊन राह्यली."

पल्लवीनं फोन केला तशी सरुबाई धावत आली, पण किल्ली काढेना. "उघडलं अन् सगळ्यायले घेऊन गेले तं?"

ताई म्हणाल्या, "तुम्हीच चला दवाखान्यात. तिची मर्जी असेल तरच नेऊ."

किल्ली आत शिरली आणि माझा गंज आडवा आला. मी सगळं बळ लावलं, मित्रांनो. सरुबाईनं केसांचं तेल बोटानं निपटून किल्लीला लावलं, तेव्हा कुठे मी उघडलो.

पूर्णिमाची औषधं पुन्हा सुरू झाली आहेत. ती पूर्ण बरी होईल ना, ही धास्ती मला अजून आहे. पण आता मी दाराच्या आतल्या कडीला असतो आणि किल्ली बायकांच्याच हाती असते.

मला तेल द्या, न द्या. पण मित्रांनो, कुलूप पाहून घर रिकामं समजू नका. खाली चपला आहेत का बघा. दिसल्या, तर पायरीवर बसा आणि हळू बोला.