चार मुठी मैदा

निरीक्षकांच्या बायकोने मागे ठेवलेल्या वस्तूंत सगळ्यात जड होता बिडाचा तवा. दोन किलो चारशे वीस ग्रॅम. हे वजन निरीक्षकांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात केलं होतं. नव्या बायकोशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून.

वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने पारडी पुसायला घेत. अंदाज हा शब्द त्यांनी नोकरीत फक्त आरोपीच्या तोंडून ऐकला होता. घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. स्वयंपाकघर बायकोच्या हद्दीत येई, आणि तिथे सगळा कारभार अंदाजाने चाले.

ती गेली त्याला सात महिने झाले होते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तिच्या अक्षरातला कागद त्यांना एका शनिवारी, चहाची गाळणी शोधताना सापडला. वर लिहिलं होतं ‘सोपी बिस्किटं’. खाली: मैदा चार मुठी, लोणी अर्धी वाटी (चेपकी), साखर पाव वाटी, सोडा चिमूटभर, गोळा होईपर्यंत दूध. बिडाच्या तव्यात, झाकण घालून, मंद गॅसवर. वास आला की उलटायची.

चेपकी वाटी साखरेच्या डब्यात होती. तवा खुंटीवर होता. फक्त मूठ नव्हती.

निरीक्षकांनी स्वतःची वापरली. त्यांचा पंजा सुपासारखा. पीठ कोरडं राहिलं, म्हणून दूध घातलं, पुन्हा घातलं, आणि गोळा होईपर्यंत घालत राहिले. तासाभराने तव्यातून जी बाहेर आली ती टेबलावर टाकली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी वर येऊन विचारलं, ‘‘काही पडलं का हो?’’

‘‘बिस्किट.’’

शिंपीणबाईंनी एक उचलून पाहिलं. ‘‘दाराला अडकण म्हणून छान आहे,’’ म्हणाल्या आणि खरोखरच एक घेऊन गेल्या.

मुलगी दर बुधवारी बसस्टॉपवरून फोन करायची. ती दुसऱ्या गावी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. फोन चार मिनिटांचा. जेवलात का, गोळी घेतली का, बस आली, ठेवते. त्या बुधवारी निरीक्षकांनी बिस्किटांचं सांगितलं आणि फोन अकरा मिनिटं चालला. मधे एक बस तिने सोडली, हे त्यांना आवाजावरून कळलं.

‘‘मग तीन मुठी घ्या की, बाबा.’’

‘‘चार लिहिलंय.’’

‘‘अहो, पण आईची मूठ केवढी, तुमची केवढी! अंदाजाने कमी करा.’’

चौतीस वर्षांत असं बोलणाऱ्यांचे त्यांनी काटे जप्त केले होते.

‘‘बरं बाबा, रविवारी येते,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आईचे भांडी घासायचे हातमोजे मला बरोब्बर बसायचे. माझी मूठ चालेल ना तुमच्या कायद्याला?’’

रविवारी ती आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. निरीक्षकांनी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीवर चार महिन्यांची धूळ साठलेली होती. तिने मैद्यात हात घातला, चारदा मूठ भरली, बोलता बोलता लोणी चोळलं. वरिष्ठ कसे वागतात, भाडं किती वाढलं, असं काहीबाही सांगत गोल चपटे गोळे तापलेल्या तव्यात मांडले. थोड्या वेळाने वास आला. तिने बिस्किटं उलटली. वासाला तसं वजन नसतं, पण खोली भरून गेली.

बिस्किटं त्यांनी गॅसपाशी उभ्याउभ्याच खाल्ली. तोंडात घातली की विरघळत होती.

‘‘काटा आणा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘माझी मूठ मोजून कागदावर लिहून ठेवू. म्हणजे पुन्हा तुमचं माझ्यावाचून अडायला नको.’’

निरीक्षकांनी पितळी तराजू आणला. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेला, केसाइतकाही न चुकणारा. तिने मूठ उघडून मैदा पारड्यात सोडला आणि पाठ करून नळाखाली हात धुऊ लागली. निरीक्षक वजनं टाकत गेले. वीस. दहा. पाच. दोन. एक. काटा मधोमध आला. अडतीस.

‘‘किती भरलं?’’

नळ चालू होता. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

‘‘बावन्न,’’ निरीक्षक म्हणाले.

‘‘बावन्न चोक दोनशे आठ. लिहा.’’

त्यांनी लिहिलं. मुलीने कागद कपाटाला चिकटवला, ‘‘आता मी निर्धास्त,’’ म्हणाली आणि पाचची बस पकडली.

निरीक्षकांना फोनवर खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून मंगळवारी त्यांनी दोनशे आठ ग्रॅम मैदा काटेकोर मोजला, तवा तापवला आणि नियमाप्रमाणे बिस्किटं बिघडवली. ती बुधवारपर्यंत चहात बुडवून खात राहिले. एका बिस्किटाला एक कप लागे.

बुधवारी फोन आला.

‘‘जमली का?’’

‘‘नाही गं. दगड.’’

पलीकडे बस थांबल्याचा आवाज आला, मग निघून गेल्याचा.

‘‘मी पण केली परवा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘एक मूठ मैदा पिशवीत घालून कामावर नेला. आमच्या प्रयोगशाळेच्या काट्यावर मोजला. अडतीस भरला, बाबा.’’

निरीक्षक उभे होते ते रिकाम्या खुर्चीवर बसले.

‘‘दोनदा मोजला,’’ ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. ‘‘तुमच्या काट्यात काही बिघाड झालाय का?’’

चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडो माणसांना विचारला होता. उत्तर देताना माणसं खाली का बघतात हे त्यांना आत्ता कळलं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘बिघडलाय.’’

‘‘या रविवारी ड्यूटी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या रविवारी येऊन बघते. तोवर हात लावू नका त्याला.’’

‘‘नाही लावत. सावकाश ये. काटा कुठे पळून जातोय.’’

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. तवा खुंटीवर होता. टेबलावर तराजू होता, दोन्ही पारडी रिकामी. काटा अगदी मधोमध उभा होता. त्यांनी बोटाने एक पारडं जरासं दाबून धरलं आणि तसेच थांबले. बोट काढलं की तो लगेच पुन्हा खरं सांगायला लागणार होता.