आठ आकडे

कामशातने काउंटरवरचा डबा उचलला, त्याच्या दोन्ही अँटेना सरळ केल्या आणि विचारलं,

"भिंतीपलीकडे पोचेल हा?"

"कसली भिंत?"

"काँक्रीटची. पलीकडे शेजारीण राहते."

दुकानदार हसला. "नाही पोचायचा, काकू. बरंच आहे की. फुकटे शेजारी आपोआप कटतात."

"मग दुसरा दाखव."

त्याने चार अँटेनांचा डबा पुढे सरकवला. मोडेम आणि राउटर एकातच. जुन्यासारखा दोन डब्यांचा पसारा नाही. "हा तीन भिंती ओलांडेल. पण मग शेजारीण वापरेल, बघा."

"तिला दिसलं पाहिजे," कामशात म्हणाली. "मिळता कामा नये."

"त्याला पासवर्ड असतो," तो म्हणाला. यावेळी हसला नाही.

बाल्खाश शहरातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर ती आणि उलबिके आपा पस्तीस वर्षं एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड राहत होत्या. आपाचा मुलगा दारखान कोरियात कारखान्यात होता. रोज संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा, आणि तो यायचा कामशातच्या इंटरनेटवर. तिच्या मुलीने लग्न होऊन जाताना आईला न विचारताच आपाला पासवर्ड देऊन टाकला होता. सहा वर्षं कामशात भिंतीला टेकून ते मायलेकरांचं हसणं ऐकत आली. आदल्या रात्री जुना डबा जळाला, तेव्हा तिला वाईट वाटलं नाही.

एके काळी त्या जिन्यावर फोन एकट्या आपाकडे होता. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये कामशातच्या भावाने गावाहून त्यावर आपाजवळ निरोप दिला: वडील गेले, लगेच नीघ. जिना धुण्याच्या पाळीवरून तेव्हा दोघींत अबोला होता. आपाने तो निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितला, दोरीवर चादर टाकता टाकता. कामशात पोचली तेव्हा कबरीवर माती पडून एक रात्र उलटली होती. पुढे अबोला सुटला, ईदेला ताटं इकडून तिकडे गेली. त्या दिवसाबद्दल मात्र दोघींपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन तिने डबा बरोबर त्या भिंतीपाशी, कपाटावर मांडला. तांबे कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची सारी नोकरी गेली होती. कागदावरच्या सूचना पायरीपायरीने पाळण्याची तिला सवय होती. टेलिफोनची तार खाचेत बसवली, बटण दाबलं, लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभी राहिली. मग मोबाईलवर डब्याचं पान उघडलं. नावाच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं. पासवर्ड किमान आठ अक्षरी हवा होता. तो तिच्याकडे तयार होता.

त्या संध्याकाळी साडेसातला भिंत गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. कामशातने दूध घालून चहा केला आणि सावकाश प्यायली. इतका चवदार चहा तिने कित्येक दिवसांत घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आपा दारात आली. ऐंशीला टेकलेली, डोक्यावरचा रुमाल घाईने बांधलेला.

"तुझं नाव दिसतंय गं याच्यात. सगळ्या काड्या भरलेल्या. पण आत घेत नाही."

"बसा, आपा. आकडे सांगते. तुम्हीच दाबा."

"तूच दाब ना. मला नीट दिसत नाही."

"दिसेल. एक. चार."

आपाचं वाकडं बोट काचेवर उतरलं.

"शून्य. तीन."

"हं."

"एक. नऊ. नऊ." कामशात थांबली. "चार."

शेवटच्या आकड्यावर बोट अधांतरी राहिलं. मग टेकलं. इंटरनेट लागलं आणि तीन दिवसांचे अडलेले निरोप एकामागून एक टिणटिणत आले. आपाने तिकडे पाहिलं नाही. कामशात उभीच राहिली. हा क्षण तिने इतक्या वेळा मनात रंगवला होता, की आता पुढचं काय हेच तिला आठवेना.

"फोन तेराला आला होता," आपा म्हणाली. "रविवारी. दिवे लागायच्या सुमाराला."

कामशातने कपाटावरच्या डब्याकडे नजर वळवली.

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी. म्हटलं, येऊ दे की तिलाच एकदा माझ्या दारात. मग सांगेन." तिने रुमालाची गाठ चाचपली. "रात्रभर बसले होते. तुझ्याकडचा उजेडही दिसत होता दाराखालून."

"मग?"

"मग काय. तू आली नाहीस."

तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. दारखानचा फोटो, निळ्या टोपीतला. आपाने तो मांडीवर तसाच ठेवला. उचलला नाही, बंदही केला नाही. कामशातच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू परवानगी तिनेच द्यायची होती.

कामशातने तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला. आपाची बोटं मोबाईलच्या कडेवरून फिरत राहिली, पण काचेवर आली नाहीत.

थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला.

"घ्या, आपा," कामशात म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि ऐकू येऊ नये म्हणून तिने दार पूर्ण लोटून घेतलं.