छत वाजवणारी पहार

मी एक जुनी पहार आहे. पुरुषभर लांब, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्ही मला शाबासकी द्याल, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. ती सांगताना माझीच मान खाली जाते.

अटाकामाच्या वाळवंटात ला चिल्का नावाची एक घळ आहे. एकेकाळी तिथे एका बड्या कंपनीची आगगाडी यायची. वरवरचे चांगले तांबे संपले, तशी कंपनी रूळ तिथेच टाकून निघून गेली. त्या रुळाच्या लोखंडातून लोहाराने मला घडवले. मागे उरली पंधरा-वीस घरे आणि कंपनीने सोडलेले तांबे खरवडून पोट भरणारी माणसे.

खडकात नाक खुपसण्यातच माझे आयुष्य गेले, त्यामुळे तिथला खडक मला पाठ आहे. फार फार पूर्वी जमिनीच्या पोटातले उकळते पाणी भेगांतून वर आले आणि येताना तांबे घेऊन आले. भेगा भरल्या, त्यांच्या शिरा झाल्या. वरच्या शिरांना हवा आणि मीठ लागून त्या हिरव्यागार झाल्या. हे हिरवे खनिज पाण्यात टिकत नाही. पण ला चिल्कात पाऊस पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत, म्हणून ते टिकले. खोल गेले की हिरवा रंग संपतो आणि पितळेसारखा पिवळा सुरू होतो. खरा धोका मात्र शिरेच्या कडेला असतो. तिथे साबणासारख्या गुळगुळीत मातीचा पातळ थर असतो. वरवर छत भक्कम दिसते आणि आतून केव्हाच सुटलेले असते.

म्हणून रोज सकाळी एकजण पहार घेऊन सर्वांच्या आधी आत जायचा आणि छत वाजवून बघायचा. छत घट्ट असले की मी खणखणीत वाजे. सुटलेले असले की भद्द आवाज येई, आणि तेवढा भाग आधी पाडून टाकत. सगळीकडे खणखणीत वाजले की तो आतूनच ओरडे, "गातंय!" आणि माणसे कामाला आत शिरत. त्याच्यामागून कोणी पुन्हा वाजवून बघत नसे. तसे करणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटे म्हणणे, अशी तिथली रीत.

हा मान बावीस वर्षे अब्दोनकडे होता. लहानथोर सगळे त्याला अब्दोनकाका म्हणत. सुरुंगांच्या धडाक्यांनी हळूहळू त्याचे कान गेले. घरी त्याची बायको एदेल्मिरा करवादायची, "अहो, चहा! चहा म्हटलं! एवढं भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना ती पिऊन मोकळी झाली असती." तो म्हणे, "कामाच्या विचारात होतो गं."

खाणीत मात्र त्याला कानांची गरजच उरली नव्हती. घट्ट छतावर मला आपटले की माझा झटका थेट त्याच्या कोपरापर्यंत जाई. सुटलेल्या छतावर हाताला नुसती मेलेली थरथर लागे. तीन वर्षे तो असा तळहाताने ऐकत होता, आणि हे फक्त मला ठाऊक होते. आम्ही दोघे मिळून साऱ्या घळीला फसवत होतो आणि मला त्याचे कौतुक वाटत होते!

त्या हिवाळ्यात त्याचे हात फार फुटले. रोसेंदो नावाच्या तरुण खाणकाम्याला ते बघवले नाही. त्याने ट्रकची एक जुनी लाल ट्यूब कापली आणि माझ्या मुठीवर घट्ट गुंडाळली.

"घ्या काका! आता ही पहार नाही, राजाचा दंड आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मीही हुरळून गेले. जन्मात मला कोणी नटवले नव्हते. अब्दोनने खाणीच्या तोंडाशी छतावर पहिला घाव घातला आणि त्याचा चेहरा उतरला. रबराने माझी सगळी थरथर गिळून टाकली होती. त्याने मला रबर सोडून, उघड्या लोखंडावर धरून पाहिले.

"काय हो काका, नवी मूठ चावते का?" रोसेंदो म्हणाला. सगळे खो खो हसले. अब्दोनचा हात निमूट रबरावर गेला. तसे धरून मी आतल्या उंच छताला पुरत नव्हते, आणि रबर काढावे तर कारण सांगावे लागले असते.

'मला ऐकू येत नाही', एवढे चार शब्द पुरले असते. ते त्याच्या तोंडून निघाले नाहीत. पुढचे नऊ दिवस तो छताकडे बघून अंदाजानेच "गातंय!" ओरडत राहिला.

दहाव्या दिवशी मी भद्द वाजले. लोखंडाला जेवढे ओरडता येते तेवढे ओरडले. तो म्हणाला, "गातंय!"

तासाभराने छताचा एक मोठा पापुद्रा घसरला. रोसेंदो वाचला, पण कोपियापो शहरातल्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

आणि दोष कोणाला मिळाला? त्याच्या बायकोला, नोल्फाला. त्या सकाळी रोसेंदो नेहमीसारखा भाकर विसरला होता. ती द्यायला आलेली नोल्फा उन्हाला कंटाळून खाणीच्या तोंडात दोन पावले आत उभी राहिली होती. खाण आत आलेल्या बाईमाणसावर जळते आणि कोसळते, अशी तिकडची समजूत.

"आठ वर्षं बाहेरून भाकर देत होतीस, आजच सावली सुचली तुला?" एकाने सुनावले. दुसऱ्याने विचारले, "अब्दोनकाका, छत तर घट्ट होतं ना?"

अब्दोनने त्याच्या ओठांकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. मी त्याच्या खांद्याला टेकून उभी होते. त्या मान हलवण्याची लाज मला अजून सोडत नाही.

शनिवारी पाण्याचा ट्रक येईल, त्यातून नोल्फाने घळ सोडावी, असे ठरले. एदेल्मिरा नवऱ्याच्या अगदी समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, "त्या पोरीनं सामान बांधलं. मला सगळं कळतं. तुम्ही कधी बोलणार?"

शनिवारी दुपारी नोल्फाची खाट ट्रकवर चढली, तेव्हा अब्दोन मला घेऊन आला. सगळ्यांदेखत त्याने चाकूने लाल रबर कापून टाकले. मला नोल्फाच्या हातात दिले आणि तिच्याकडे पाठ फिरवून तो माणसांसमोर उभा राहिला.

"पोरी, तिथं रुळाचा तुकडा पडलाय. माझ्या मागं त्याच्यावर जोरात हाण."

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलं," कोणीतरी पुटपुटले.

नोल्फाने हाणले. आठ दिवसांचा सगळा राग तिच्या हातांत होता. ट्रकवाल्याने कानांवर हात ठेवले, कुत्री पळाली. अब्दोन तसाच उभा होता, समोरच्या तोंडांकडे बघत. बराच वेळ वाट पाहून त्याने हळूच विचारले, "हाणलंस का गं?"

नोल्फाने मला जमिनीवर ठेवले, वळसा घालून ती त्याच्या तोंडासमोर आली आणि म्हणाली, "चार वेळा, काका."

मग ती ट्रकमध्ये चढली आणि नवऱ्याकडे निघून गेली. थांब म्हणायचे तोंड कोणाला नव्हते.

आता ला चिल्कात दोघेजण छत वाजवतात, आणि दुसऱ्याने वाजवले म्हणून पहिला रागावत नाही. मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. लोखंडावरचा गंज घासून निघतो. पण ज्याच्या एका शब्दावर विसंबून तुम्ही पाऊल टाकता, त्या माणसाची अधूनमधून विचारपूस करत जा. आणि आता आपल्याला जमत नाही असे तो म्हणाला, तर त्याला शेजारी बसवून घ्या, हसू नका.