भाड्याचा मिस्त्री

लग्नाची सजावट ठरवणाऱ्या बाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात छातीशी नेले आणि म्हणाल्या, "इथे सगळं किती खरं आहे." मग त्यांनी वही उघडली आणि काय काय हलवायचं त्याची यादी करायला घेतली.

मिस्त्री करवतीच्या मशीनला टेकून ती यादी ऐकत होते. मशीन जाईल. सरसाचे डबे जातील. प्लायवूडचे गठ्ठे दिसता कामा नयेत. आग विझवायच्या लाल नळकांड्यावर कापड टाकू. ट्यूबलाइट तर नकोच नको. राहिलं काय, तर चार भिंती, कामाचं बाकडं आणि भुसा. भुसाही बाईंना जरा जाडसर हवा होता. इथला फार बारीक आहे, फोटोत धुळीसारखा दिसेल, असं त्यांचं मत पडलं.

"धूळच आहे ती," मिस्त्री म्हणाले.

बाई हसल्या. लहान मूल काही गमतीचं बोललं की मोठी माणसं हसतात, तशा. त्याच दिवशी मिस्त्रींनी त्यांचं नाव आयडियाबाई ठेवलं, आणि वर्कशॉपमधल्या पॉलिशवाल्याने ते दुपारच्या डब्याच्या आत पक्कं करून टाकलं. पॉलिशवाला एका कानाने अधू होता, पण नावं ठेवायची म्हटली की त्याला दोन्ही कानांनी ऐकू यायचं.

प्रकरण सुरू झालं होतं ते मोबाइलवर. मिस्त्रींची लेक आणि होणारा जावई चार महिने फोटो बघत होते. दुसऱ्यांच्या लग्नांचे. आधी महाल झाला, मग समुद्रकिनारा, मग डोंगर. डोंगरावर पाहुण्यांना दम लागेल म्हणून तो रद्द झाला. जेवणाच्या टेबलावर दोघं डोकं एकत्र करून बोट सरकवत बसायची आणि मिस्त्रींची बायको समोर ताटं ठेवून वाट बघायची. लग्न करायचं म्हणजे एका माणसाबरोबर राहायचं, इतकी सरळ गोष्ट. त्या गोष्टीला रंगाच्या छटा, मेणबत्त्यांची उंची आणि 'आमची कल्पना काय आहे' असले प्रश्न कुठून चिकटले हे मिस्त्रींना कळत नव्हतं. कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

मग एके दिवशी कुठल्याशा सुताराच्या वर्कशॉपमध्ये लागलेल्या लग्नाचा फोटो आला. उघड्या विटा, लोंबते दिवे, लाकडाचे बाक. जावई म्हणाला, "असली जागा मिळायला नशीब लागतं." लेक म्हणाली, "बाबांचं आहे की."

जावयाने मान वर करून मिस्त्रींकडे पाहिलं. दीड वर्षाच्या ओळखीत त्याने त्यांच्याकडे धड पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

मिस्त्री हो म्हणाले. लेकीने काही मागावं आणि नाही म्हणावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. पण हो म्हणताना त्यांना तिच्या शाळेचं फाटक आठवलं. ही लेक आठवीत असताना तिने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, न्यायला याल तेव्हा फाटकाशी नका थांबू. पुढे औषधाचं दुकान आहे ना, तिथे थांबा." कारण तिने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. अंगाला सरसाचा वास यायचा, केसांत भुसा असायचा, कारण काय विचारायचं? त्यानंतर तीन वर्षं ते औषधाच्या दुकानासमोर उभे राहिले. दुकानदाराला वाटायचं यांच्या घरात कोणी कायमचं आजारी आहे. शाळेच्या अर्जात वडिलांच्या धंद्यापुढे लेकीने 'फर्निचर व्यवसाय' लिहिलं होतं. खोटं नव्हतं. पण खरंही अंग चोरून बसलं होतं.

आता तोच भुसा हवा होता. आणि वर जाडसरही हवा होता.

आयडियाबाई आठवड्याला दोनदा येऊ लागल्या. एकदा टेम्पोतून फळ्या आल्या. मिस्त्रींनी एक उचलून उजेडात धरली. नवं, कच्चं लाकूड; साखळीने बडवून, वर कसलासा काळपट रंग चोळून जुनं केलेलं. किड्याची भोकंही पाडली होती, एका रांगेत, मोजून अंतर ठेवल्यासारखी. मिस्त्रींनी आयुष्यात लाकडावर इतका राग कधी काढला नव्हता.

"किड्याने फुटपट्टी घेऊन खाल्लंय," ते पॉलिशवाल्याला म्हणाले.

"शिकलेला किडा दिसतो," पॉलिशवाला म्हणाला.

पुढची मागणी बाकांची होती. पाहुण्यांना बसायला बारा बाक, आणि ते मिस्त्रींनी स्वतः केलेले हवेत. मिस्त्रींना बरं वाटलं. त्यांनी चांगलं सागवान काढलं, पहिला बाक केला, कडा गोल केल्या, आणि जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात ना ते पाहिलं. आयडियाबाईंनी त्याच्याभोवती फेरी मारली आणि ओठ मुडपले.

"सुंदर आहे. पण फार नीट झालाय, काका. थोडा वेडावाकडा नाही का होणार? हाताने केलाय असं वाटलं पाहिजे."

"हातानेच केलाय."

"हो, पण तसं दिसत नाहीये ना."

मिस्त्रींनी बाकावरून हात फिरवला. "बाई, वाकडं न करायला शिकण्यात माझी आठ वर्षं गेली. आता वाकडं करायला पुन्हा कोणाच्या हाताखाली जाऊ?"

बाक शेवटी बाहेरून आले. लंगडे होते. सागवानाचा बाक मिस्त्रींनी घरी नेला. बायको त्यावर बसून भाजी निवडायची.

कोटाचं प्रकरण मात्र त्यांनी बायकोशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. बायको आणि ते शिंप्याकडे तीनदा जाऊन आले होते. गडद निळं कापड, आतून राखाडी अस्तर. शिंपी म्हणाला, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. तो रंध्याचा खांदा. चाळीस वर्षं एकाच बाजूने जोर लावल्यावर दुसरं काय होणार? शिंप्याने आत थोडा कापूस भरून दोन्ही खांदे एका रेषेत आणले. आरशात मिस्त्रींनी स्वतःला पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस शाळेच्या फाटकाशी उभा राहिला असता तर चाललं असतं.

लग्नाला दहा दिवस असताना लेक वर्कशॉपमध्ये आली. सोबत आयडियाबाईंची यादी होती. ती थोडा वेळ बाकड्यावरच्या पटाश्या उगाच हलवत राहिली.

"बाबा, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही एप्रन घालाल? तुमचा तो तपकिरी. आणि कानामागे पेन्सिल. एक बाही दुमडलेली."

मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला. "एकच?"

"असं लिहिलंय."

"मी कोट शिवलाय."

लेकीने वर पाहिलं. "कधी?"

"झाला महिना. निळा आहे."

"निळा..." ती यादीकडे बघत म्हणाली. "आपले रंग मातीचे आहेत बाबा. आणि मला खरंच वाटतं तुम्ही आहात तसे दिसावेत. लोकांना कळू दे ना, माझे बाबा हाताने काम करतात. मला अभिमान आहे त्याचा."

"कधीपासून?"

लेकीला कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तेव्हा मी लहान होते बाबा."

"हो. तेव्हा मी फाटकाशी नको होतो, आता फोटोत हवा आहे. तेव्हाही मी असाच होतो. तुझ्या मैत्रिणी बदलल्या, दुसरं काही नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "वर्कशॉप घे. भुसा घे, पाहिजे तितका जाड करून घे. पण मी लेकीच्या लग्नाला आलेला बाप आहे. कोट घालून येणार."

ती गेली. जाताना यादी बाकड्यावर विसरली. मिस्त्रींनी ती वाचली नाही. तिची घडी घालून डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली दिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मिस्त्री कोट घालून, बायकोच्या हाती छोटा ब्रश देऊन दोनदा पाठ झटकून घेऊन वर्कशॉपवर पोचले. जागा ओळखू येत नव्हती. दिवे लोंबत होते, बडवलेल्या फळ्या भिंतीला लावल्या होत्या, आणि मधोमध, त्यांच्या स्वतःच्या बाकड्यामागे, एक माणूस उभा होता. तपकिरी एप्रन. कानामागे पेन्सिल. एक बाही दुमडलेली. हातात त्यांचा रंधा.

"हा कोण?" त्यांनी आयडियाबाईंना विचारलं.

"आपला सुतार," बाई म्हणाल्या. "म्हणजे, नाटकात काम करतात ते. तुम्ही नाही म्हणालात ना, मग तो कोपरा अगदी ओका ओका वाटत होता."

मिस्त्रींनी एकदा त्या माणसाकडे, एकदा स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. ते तिसऱ्या रांगेत लंगड्या बाकावर जाऊन बसले. पॉलिशवाला शेजारी येऊन टेकला. त्यानेही ठेवणीतला सदरा घातला होता.

"मिस्त्री, तुम्ही तिकडे उभे आहात की इकडे बसलात?" त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

पाहुणे येऊ लागले. येणारा प्रत्येक जण आधी त्या नटाकडे जाई. बायका त्याच्या हाताला हात लावून बघत. जावयाच्या मामांनी त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसांमुळे कला टिकलीये." नट नम्रपणे मान झुकवत होता. चांगला नट असावा. मग तेच मामा मिस्त्रींच्या शेजारी येऊन बसले आणि कोटाकडे बघून म्हणाले, "आपण बँकेत का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "फर्निचर व्यवसाय."

अंगठ्या घालून झाल्या, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. लेक छान दिसत होती, एवढं एक त्यांना मान्य करावं लागलं. फोटो सुरू झाले तेव्हा आयडियाबाईंनी नटाला खूण केली आणि तो रंधा मारू लागला. त्याने रंधा उलटा धरला होता. पातं त्याच्याकडे, आणि लाकूड त्या बडवलेल्या फळ्यांपैकी एक, जिच्यात जुनेपणासाठी खिळे ठोकले होते.

पातं खिळ्यावर घासल्याचा आवाज आला. मिस्त्रींचे दात आंबले. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ते उठले.

"द्या इकडे," ते म्हणाले.

नटाने रंधा दिला. बिचारा घाबरला होता. मिस्त्रींनी अंगठ्याने पातं चाचपलं. दोन ठिकाणी धार उडाली होती. बाकड्याखालून त्यांनी साध्या, सरळ लाकडाचा तुकडा ओढला, शिकंज्यात पकडला, पातं दोन टकोऱ्यांत बसवलं आणि किती बिघडलंय ते बघायला एक हात मारला. मग दुसरा. लाकडाची लांब साल वर येऊन वळली आणि कोटाच्या बाहीवर पडली. ते काम करत राहिले. भोवतीचा गलका थांबलाय हे त्यांना उशिरा कळलं. वर पाहिलं तर दहा-पंधरा मोबाइल त्यांच्यावर रोखलेले.

"अप्रतिम," आयडियाबाई कुजबुजल्या. "कोटासकट. हे मला सुचलंच नव्हतं."

मिस्त्रींनी रंधा आडवा ठेवला. एवढी तिरस्काराची उबळ त्यांना कधी आली नव्हती, आणि त्यातली निम्मी स्वतःबद्दलच होती.

"हे कोण?" मामांनी लेकीला विचारलं.

लेक गर्दीतून पुढे आली. "माझे बाबा," ती म्हणाली. "मिस्त्री आहेत. वर्कशॉप यांचंच. ते तिकडचे नाटकातले आहेत."

तिने ते स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मामांचा चेहरा पडला. मिस्त्री लेकीकडे पाहत राहिले. आता असं सांगण्याची फॅशन आहे म्हणून सांगितलं, की तिला सांगायचंच होतं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. त्यांनी बाहीवरची साल झटकली आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि पॉलिशवाल्याने मशीन आत घेतलं, फळ्या टेम्पोत फेकल्या. आयडियाबाईंनी निरोप पाठवला की कोटवाला फोटो खूप लोकांना आवडलाय, आणखी एका जोडप्याला वर्कशॉप बघायचं आहे. मिस्त्रींनी बायकोला सांगितलं, "कळव, मिस्त्री वारले म्हणून." बायकोने कळवलं, 'जागा उपलब्ध नाही.'

तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला. नव्या घरातलं स्वयंपाकघराचं दार घासतंय, बंद होत नाही. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन नुसता बघून गेला.

मिस्त्री गेले. कामाच्या कपड्यांत, पिशवी खांद्याला. जावई ऑफिसला गेला होता. लेकीने दार धरून ठेवलं, त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, दार बाल्कनीत आडवं टाकलं आणि खालची कड रंधायला घेतली. आतून पांढरा भुगा निघाला. दाबलेल्या कचऱ्याचं दार, वर लाकडाचा कागद.

"काय भिकार माल आहे," मिस्त्री म्हणाले. "आणि याला लाकूड म्हणून विकलं तुम्हाला."

"मला काय कळतंय त्यातलं," लेक म्हणाली.

"कळायला हवं होतं. कोणाची मुलगी आहेस?"

तिने दाराची दुसरी कड दाबून धरली. शेजारच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वाकून विचारलं, सुतार कुठून बोलावलात, आमचंही एक कपाट लावायचंय.

"ते बाबा आहेत माझे," लेक म्हणाली. "आधी आमचं दार होऊ दे."

मिस्त्रींनी खाली मान घालून उरलेली कड संपवली. दार बसवलं तेव्हा ते आवाज न करता मिटलं. लेकीने केरसुणी आणून भुगा गोळा केला, आणि ते हात धुवायला गेले.