हलका हात

मला त्या वर्गाला जायचंच नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला होता: ताणतणाव, झोप आणि आत्मविश्वास. खाली 'सर्वांसाठी मोफत'. फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर माझा लहानपणापासून विश्वास नाही. पण आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी सरळ हुकूमच सोडला, "बुधवारी दुपारी तू तिकडे जायचंस. पगार कापणार नाही."

त्याला कारणही तसंच घडलं होतं. मी कपड्यांचं अल्टरेशन करते. उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय मी दोनदा कापला आणि दुसऱ्याला हातच लावला नाही. तो माणूस ती पँट घालून आरशासमोर उभा राहिला आणि मला रडू फुटलं. अर्धी नडगी उघडी टाकून तोच बिचारा मला पाणी आणून देत होता.

झोप नव्हती, दुसरं काय. बाबा रात्री उठायचे, चप्पल घालायचे आणि छापखान्यात निघायचे. तो छापखाना बंद पडून जमाना झाला होता, पण हे त्यांना कोण सांगणार? मी दाराला आडवी खुर्ची लावून तिच्यावर बसून डुलक्या काढायचे.

बाबा त्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. म्हणजे मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधून त्यांवर लाल खुणा करायच्या. आयुष्यभर हेच काम. "बरोबर असलेल्या शब्दाला कोणी खूण करत नाही," असं ते म्हणायचे, आणि तोच कायदा त्यांनी घरातही लावला. माझे गुण, माझे केस, मी केलेला चहा, माझं चालणं, सगळ्यांवर लाल खुणा. मला ते धांदरट म्हणायचे. इतकं, की पाहुण्यांना तेच माझं खरं नाव वाटायचं. माझं लग्न मोडून मी परत आले तेव्हा पाणीसुद्धा न विचारता म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सांगितलं होतं, हे खरंच आहे. पण म्हणून त्या दिवशी म्हणायचं?

माझ्या धाकट्या बहिणीला मात्र या कायद्यातून सूट होती. तिला ते चिमणी म्हणायचे. चिमणीने दूध सांडलं तर हसायचे, मी सांडलं तर दुधाचा भाव सांगायचे. मोठी झाल्यावर चिमणी उडून लांब गेली, तिथेच संसार थाटला. दर रविवारी तिचा फोन यायचा. "ताई, बाबांना अक्रोड देत जा. ताई, त्यांना रोज बागेत फिरवून आण." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आणि बाबा दिवसातून चारदा मला विचारायचे, "चिमणीचा फोन आला का?" दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. मी पडले घरातली खुर्ची. बसायला लागते, पण तिच्याकडे बघतं कोण?

तर वर्ग. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे एरवी बाळांना लसी टोचतात त्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, आवाज असा की ऐकतानाच जांभई यावी. माझ्या शेजारी एक ड्रायव्हरकाका बसायचे. शहरातली बस चालवायचे आणि अंथरुणावर पडलं की डोळ्यांसमोर सिग्नल दिसतात म्हणायचे. श्वास कसा घ्यायचा, खांदे कसे सैल सोडायचे, झोपण्याआधी फोन का बघायचा नाही, असं सगळं मॅडम सांगत. मी मनात म्हणायचे, बाई, तू एक रात्र माझ्या खुर्चीवर बस आणि मग मला श्वास शिकव. पण जायचे. खरं सांगायचं तर आठवड्यातून एकदा कोणीतरी मला 'कशा आहात' विचारतं, एवढ्यासाठीच जायचे. तेवढा वेळ शेजारच्या मावशी बाबांपाशी बसायच्या.

आत्मविश्वासाची पाळी आली त्या बुधवारी मॅडमनी गृहपाठ दिला. घरातल्या एका माणसाला विचारायचं, माझ्यातलं तुम्हाला काय आवडतं? आणि जे उत्तर मिळेल ते इथे येऊन सगळ्यांना सांगायचं.

ड्रायव्हरकाकांनी हात जोडले. "मॅडम, काय आवडत नाही ते विचारतो ना! ते बायकोला तोंडपाठ आहे."

सगळे हसले. मीही हसले. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? घरी कोण असतं?"

"बाबा."

"मग झालं तर. बाबांनाच विचारा."

मी मान डोलावली. साठीला टेकलेली बाई मी, आणि बापाला एक प्रश्न विचारायचा म्हणून घाबरले. कारण मला ते हवं होतं. एक शब्द हवा होता. एवढी वर्षं नको नको म्हणत होते, पण हवा होता, आणि आता देणाऱ्याच्या हातात फार दिवस उरले नाहीत हेही दिसत होतं.

गुरुवारी विचारलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी तोंड उघडलं तर ते म्हणाले, चहात साखर नाही. रविवारी चिमणीचा फोन आला आणि ते तिच्याशी बोलण्यातच थकले. सोमवारी सकाळी मी ठरवलं, आज काय तो निकाल लावायचा.

रोज सकाळी खिडकीपाशी खुर्ची ठेवून मी त्यांची दाढी करायचे. गळ्यात टॉवेल, मगात गरम पाणी. त्या दिवशी ऊन चांगलं होतं आणि त्यांचा चेहराही जरा खुललेला होता. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर फेस होता. मी वस्तरा पाण्यात बुडवला आणि पाण्याकडेच बघत विचारलं.

"बाबा, माझ्यातलं तुम्हाला काय आवडतं?"

मी वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. असे, की मीच लाजले.

"असं काय विचारतेस, चिमणे?"

आता मी काय करायला हवं होतं, ते मला कळत होतं. बाबा, मी चिमणी नाही, असं म्हणायचं. अलीकडे ते माणसं विसरायला लागले होते, मावशींना छापखान्याचे मालक समजून उभे राहायचे. पण मला कधी त्यांनी दुसऱ्याचं नाव दिलं नव्हतं. मला ते आताशा नुसतं 'अगं' म्हणायचे, आणि 'अगं' म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते.

मी म्हणाले, "सांगा ना."

"तुझा हात हलका आहे," ते म्हणाले. "पातं फिरतं ते कळतसुद्धा नाही." एवढंच असेल असं समजून मी दुसऱ्या गालाला हात घातला, तर फेसातूनच पुढे बोलायला लागले. "त्या दिवशी मी अंथरूण ओलं केलं. तू म्हणालीस, बाबा, माझ्याच हातून पाणी सांडलं. मला कळलं होतं गं. पण तू तसं म्हणालीस."

मी वस्तरा परत पाण्यात बुडवला.

"रात्री दारात बसतेस. मान अवघडत असेल. मी रोज ठरवतो, आज उठायचं नाही. पण ते काम राहिलेलं असतं ना. तू होतीस म्हणून निभावलं, चिमणे."

सगळं बघितलं होतं त्यांनी. एकेक गोष्ट. पाणी, खुर्ची, मान. खूण केली नव्हती, पण वाचलं सगळं होतं. आणि खाली नाव दुसरीचं घातलं.

मी त्यांची हनुवटी धरून ठेवली होती. तशीच धरून विचारलं, "आणि ताई?"

"ती?" त्यांनी दाराकडे बघितलं. "ती येत नाही."

"का?"

"तिला मी आवडत नाही."

"आवडता, बाबा. फार आवडता."

"तुला काय माहीत?"

"तिनेच सांगितलंय मला."

फेस वाळत चालला होता. मग त्यांनी लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मग येत का नाही?"

मी त्यांचा दुसरा गाल पुरा केला, टॉवेलने तोंड पुसलं, कानामागचा साबण काढला. "येईल," म्हणाले. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांनी काही ओळख दाखवली नाही. मीही काही विचारलं नाही. म्हटलं, घाई कसली आहे? एखादे दिवशी बरोबर ओळखतील, तेव्हा परत विचारू. दुपारी जेवले, बडीशेप मागून घेतली, पडले, ते उठलेच नाहीत. मावशी म्हणाल्या, भाग्यवान हो, झोपेत गेले. त्यांच्या सकाळी घोटलेल्या गुळगुळीत गालावरून मी हात फिरवत राहिले.

चिमणी आली ती सगळं उरकल्यावर. विमान मिळालं नाही, हे नाही, ते नाही. मनात खूप होतं माझ्या. ये म्हणावं, आली की दाखवते. पण दारात उभी राहिली ती ओळखूच येईना. डोळ्यांखाली काळं, हाडं वर आलेली. रात्री गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही म्हणाली. कधीपासून? तर म्हणे, दोन वर्षं झाली. दर रविवारी अक्रोड सांगणारी ही, स्वतःचं एक अक्षर बोलली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी कप विसळत होतो. मी विसळायचे, ती पुसायची.

"ताई, तू नशीबवान," ती म्हणाली. "तुला ते शेवटपर्यंत मिळाले."

माझ्या हातातला कप मी फोडणार होते, खरंच. तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्यावर रागावून गेले असतील ना? मी आलेच नाही. माझं नाव तरी काढलं का गं?"

रोज चारदा काढायचे, हे तिलाही माहीत होतं. तिला ते नको होतं. तिलाही मला हवं होतं तेच हवं होतं. आणि ते माझ्यापाशी होतं. गेले काही दिवस मी तेच तर घोळवत होते, शिवताना, झाडताना, अंथरुणावर पडल्यावर. हात हलका आहे. तू होतीस म्हणून निभावलं. नाव काढून टाकलं की ते शब्द नेमके माझ्या मापाचे होते. मी काही न बोलता राहिले असते तर कोणाला कळणार होतं?

पण तिचा चेहरा बघवेना. आणि काही झालं तरी हाक त्यांनी तिला मारली होती.

"काढलं," मी म्हणाले. "दाढी करताना. म्हणाले, चिमणीचा हात हलका आहे."

"माझा?" ती कप पुसायची थांबली. "मी कुठे त्यांचं काही केलं?"

"ते मला काय माहीत? ते म्हणाले ते सांगते. म्हणाले, ती होती म्हणून निभावलं."

ती खाली बसली. ओल्या फरशीवर, तशीच. तोंडावर फडकं धरून इतकी रडली की मला तिला धरून बसावं लागलं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास सैल झाला. मॅडम शिकवतात तसा, लांब आणि पोटातून. अंथरुणाची गोष्ट मी सांगितली नाही. तेवढी ठेवली.

मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आणि तुझ्याबद्दल काय म्हणाले?"

"मी तर समोरच होते," मी म्हणाले. "समोरच्या माणसाबद्दल कोणी बोलतं का?"

तिला ते पटलं. त्या रात्री ती गोळी न घेता झोपली, माझ्या शेजारी, लहानपणासारखी माझ्या दंडावर हात टाकून. मी जागी होते. दाराला खुर्ची लावायची नव्हती, तरी जागीच होते.

बुधवारी ती गेली आणि मी वर्गाला गेले. दुसरीकडे जाणार कुठे? दुकानात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, ते सोसवत नव्हतं. वर्गात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. तीच खोली, तोच औषधाचा वास. ड्रायव्हरकाकांनी मला बघून शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि लगेच बातमी दिली, "विचारलं बरं का बायकोला! म्हणाली, तुम्ही घोरता तेव्हा घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

मी हसले बहुतेक.

मॅडम आल्या. हातातली पिशवी ठेवली, सगळ्यांकडे बघून घेतलं आणि माझ्यापाशी थांबल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. त्यांची काही चूक नव्हती.

"अहो, मागच्या बुधवारी सगळ्यांनी आपापलं उत्तर आणलं. तुमची आम्ही किती वाट बघितली," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आलाच नाहीत."

मला वाटलं होतं, माझा गृहपाठ राहिलाय एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. पण तोंडातून निघालं ते बाबांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर, आणि इतक्या मोठ्याने की खालच्या दवाखान्यातही ऐकू गेलं असेल.

"आले होते हो," मी म्हणाले. "रोज मीच येत होते."